पाथरोळी हॉल्टची दोन फाटकं

पाथरोळीच्या हॉल्टवर पहिल्यांदा उतरणारा माणूस हमखास चक्रावतो. फलाट जेमतेम साठ पावलांचा, आणि त्याला फाटकं दोन. बाकडी दोन, एकमेकींशी अबोला धरलेल्या जावांसारखी पाठीला पाठ लावून बसलेली. कंदिलाचे खांब दोन. पाण्याचे नळ दोन, आणि पाणी एकालाही नाही. तिकिटाची खोली मात्र एकच, पण तिला खिडक्या दोन, आणि आत बाबूला बसायला स्टूल एक. इंजिनियरच्या डोक्यावर परिणाम झाला होता का हो, असं लोक विचारतात. छे छे, डोकं चांगलं शाबूत होतं बिचाऱ्याचं. पाथरोळीत पाऊल ठेवेपर्यंत होतं.

हा नकाशा कसा घडला ते अथपासून इतिपर्यंत ठाऊक असलेला माणूस एकच, कादर मुलाणी. कारण नकाशा काढला गेला तो त्याच्या ओसरीवर, आणि शेवटी नकाशानं गिळली तीही त्याचीच ओसरी.

कादरचं घर रुळांना खेटून होतं. ओसरीवर चुलाण, चुलाणावर चहाचं आधण, आणि रुळांची डागडुजी करणाऱ्या गँगवाल्यांना कपभर चहा, हा त्याचा धंदा. बाकी गावकीतलं त्याचं काम वर्षातून एकदाच, जत्रेला. बोकडावर पहिली सुरी मुलाण्याची. सुरी वर धरून तो "मागं सरा" म्हणाला की अख्ख्या गावानं सात पावलं मागं सरायचं, मग तो पाटील असो की पाटलाचा बाप. बिस्मिल्ला म्हणून सुरी टेकेपर्यंत कुणी पुढं यायचं नाही. कधीपासूनची चाल होती ती कुणास ठाऊक. बरं, कादरचा हुकूम चालायचा तो तेवढाच. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस हा माणूस "व्हय आबा" आणि "व्हय भाऊ" या दोन शब्दांवर जगत होता. पाथरोळीत जगायचं तर दोन्ही शब्द लागायचेच.

कारण पाथरोळीत पात्या दोन. थोरल्या पातीचे भिमाजी पाटील, गावभर त्यांना आबा म्हणत. धाकट्या पातीचे हौशीराम पाटील, ते भाऊ. सात पिढ्यांपूर्वी दोन सख्खे भाऊ वेगळे निघाले, तेव्हापासून गावात मान या एकाच पिकाची शेती जोरात चालली होती. होळीला आधी नारळ कुणाचा, बेंदराला पुढं बैल कुणाचा, देवीच्या पालखीला उजवा खांदा कुणाचा. एका बेंदराला आधी तुम्ही की आधी आम्ही करता करता दोन्ही बैलजोड्या वेशीतच संध्याकाळपर्यंत उभ्या राहिल्या होत्या. बैलांनी कंटाळून बसकण मारली, पण पाटील काही बसले नाहीत.

तर अशा या गावातून, एकोणीसशे एकोणतीस साली, रुळांच्या कडेनं विजेचे खांब उभे राहू लागले. पुण्याहून लोणावळ्याला बिनधुराची गाडी धावणार, आणि अधेमधे नवीन हॉल्ट होणार अशी बातमी आली. गावाला त्याचं फारसं कौतुक नव्हतं. एक कादर सोडला तर.

कादरची एकुलती एक लेक मुमताज खडकीला दिली होती. जावई मकसूद दारूगोळ्याच्या कारखान्यात. दोन वर्षांपूर्वी पोर पहिल्या खेपेला बाळंतपणासाठी माहेरी यायला निघाली. कामशेतला गाडीतून उतरली, आणि तिथून दोन कोस बैलगाडीनं, त्या दगडधोंड्यांच्या वाटेनं. गाडीत गोधड्या घातल्या होत्या, बैल पावलापावलानं चालवले होते, तरी घरी पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. सातव्या महिन्यातलं मूल. मुमताज तेव्हा महिनाभर भिंतीकडं तोंड करून निजली होती, आणि कादर रोज तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून गपचूप बाहेर येत होता.

आता तिला पुन्हा दिवस गेले होते. कादरची बायको हसिना नवऱ्यासारखी मऊ नव्हती. तिनं सरळ सांगून टाकलं, "अवो, ह्या बारीला माझी लेक बैलगाडीत बसायची न्हाई. दारावरनं आगीनगाडी जाती रोज, धा येळा. तिला थांबायला काय हुतं?"

"माझ्या बापाची हाय व्हय गाडी?"

"मग इचारा की, ज्याच्या बापाची हाय त्याला."

आणि कादरनं विचारलं, बरं का! खांब मोजायला आलेला कंपनीचा ओव्हरसियर ओसरीवर चहा प्यायला टेकला होता, त्याला आलं घातलेला दुसरा कप देऊन कादर म्हणाला, "सायेब, एक हॉल्ट हितं बी टाका की."

ओव्हरसियर पुण्याचा, तरणा, चष्मेवाला, कागदावर रेघ सरळ आली की खूश होणारा. त्यानं जागा पाहिली, गाव पाहिलं, वरती कागद पाठवला, आणि काय आश्चर्य, कागद मंजूर होऊन आला. अट एवढीच, की पहिल्या दिवशी मोठे साहेब स्वतः गाडीत असतील. गाडी एक मिनिट थांबेल. निदान एक माणूस चढला किंवा उतरला, तर हॉल्ट कायम. चिटपाखरूही हललं नाही, तर दुसऱ्या दिवसापासून गाडी थेट.

"एक मानूस?" हसिनाला हसूच आलं. "माझी मुमताज त्याच गाडीनं येतीया. जा, झाला तुमचा हॉल्ट."

आता एवढं सोपं असतं तर ते पाथरोळी कसलं?

ओव्हरसियरनं पहिला नकाशा काढला त्यात फाटक एकच होतं, फलाटाच्या मधोमध. तो भिमाजी पाटलांना दाखवायला नेला. आबांनी नकाशा उलटा धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "फाटक धाकट्या पातीच्या आळीकडं सरकलंय."

"नाही हो, बरोबर मध्यावर आहे."

"आमच्या आळीपासनं मोजा."

दोरी आली. मोजलं. थोरल्या आळीपासून फाटक चौदा पावलं जास्त लांब भरलं, कारण ओढा आडवा येत होता. फाटक चौदा पावलं सरकवलं तशी दुपारी हौशीराम पाटील आपली दोरी घेऊन हजर. ते म्हणाले, आमच्या आळीत म्हातारी माणसं जास्त, त्यांची पावलं बारीक, तेव्हा पावलांनी मोजणं हाच अन्याय आहे. ओव्हरसियर चष्मा पुसत राहिला. कादर मधे चहाची किटली घेऊन उभा, इकडे "व्हय आबा", तिकडे "व्हय भाऊ".

असे सात नकाशे झाले. सातव्यात ओव्हरसियरनं हात टेकले आणि दोन फाटकं काढली, दोन टोकांना दोन. मग बाकड्याचं निघालं. बाकडं एक असेल तर त्याच्यावर उजवीकडं कोण बसणार? बाकडी दोन झाली. समोरासमोर ठेवली तर आधी नजर कोण खाली घालणार, म्हणून पाठीला पाठ. नळ दोन झाले, आणि पाण्याच्या एकाच पिंपाला दोन्हीकडून भोकं पाडताना पिंपच फुटलं. तिकिटाच्या खोलीला दोन खिडक्या झाल्या. तरी घोडं अडलंच. पहिल्या नंबरचं तिकीट कुणाला? शेवटी असं ठरलं, की बाबूनं दोन्ही हातांत एकेक तिकीट धरायचं आणि दोन्ही खिडक्यांतून एकदम बाहेर काढायचं. नंबरांवर शाईचे डाग पाडायचे, म्हणजे भानगड नको. बाबू आठ दिवस त्याचा सराव करत होता. खोलीत एकटाच उभा राहून दोन्हीकडं हात फेकायचा, तेव्हा लांबून बघणाऱ्या बाया पदर तोंडाला लावायच्या.

एवढं झाल्यावर ओव्हरसियर एका सकाळी कादरच्या ओसरीवर येऊन बसला तो मान वर करेना. चहा निवून गेला.

"काय झालं सायेब?"

"कादरभाई, दोन्ही फाटकं मध्यापासून सारख्या अंतरावर पाहिजेत. धाकट्या पातीचं फाटक..." त्यानं पेन्सिल जमिनीकडं केली. "इथं येतं."

"हितं कुटं?"

"आपण बसलोय तिथं. ओसरी पाडावी लागेल. नाहीतर हौशीरामभाऊ म्हणतात, हॉल्टच नको."

कादर ओसरीकडं बघतच राहिला. बापानं बांधलेली ओसरी. चुलाण तिथं, धंदा तिथं, उन्हाळ्यात अंग टाकायचं ते तिथं. इकडे भिमाजी पाटलांच्या पडवीवर कुणी फावडंही मारलं नसतं, हौशीराम पाटलांच्या गोठ्यातली मेखही कुणी हलवली नसती. दोन पाटलांचा मान सारखा करायला मोडायचं कुणाचं, तर मुलाण्याचं! पहिल्यांदा त्याला राग आला, चांगला कानशिलं तापण्याइतका राग आला. पण रागवायची सवय नाही म्हटल्यावर तो कसा काढायचा तेही त्याला कळेना.

आतून हसिनाचा आवाज आला. "पाडा म्हनावं."

"अगं, पर..."

"ओसरी काय करायची? तिच्यावर बसायला लेक नको व्हय? चुलाण परसात मांडू. पाडा."

ओसरी पाडली. घराची त्या बाजूची भिंत उघडी पडली, तिला हसिनानं गोणपाटाचा पडदा लावला. पडद्यापलीकडं चार हातांवर धाकट्या पातीचं फाटक. घराला आता वापरायचं दार एकच उरलं, गावाकडचं. कादरनं परसात चुलाण मांडलं, पण परसात कोण येतंय चहा प्यायला? ज्या हॉल्टसाठी घर अर्धं गेलं, त्या हॉल्टानं धंदाही नेला. तरी तो रोज संध्याकाळी फलाटावर जाऊन खडी पायानं दाबून बघायचा, लेकीला उतरताना पाय मुरगळायला नको म्हणून.

गाडीचा दिवस आला. भर दुपारची वेळ. थोरली पाती आपल्या फाटकानं आत आली, हलगीवाल्यासकट. धाकटी पाती आपल्या फाटकानं आत आली, दोन हलगीवाल्यांसकट, त्यावरून थोडी कुरबूर झाली. दोन्ही पात्यांनी नव्या गाडीसाठी एकेक बोकड आणला होता. तिच्या नावानं ते पडायचे होते, म्हणून कादरला सुरीसकट बोलावलं होतं. बाबूनं दोन्ही हात एकदम बाहेर फेकले, तिकिटं दोन्ही पाटलांच्या हातात एकदम पडली. ओव्हरसियरनं उसासा सोडला. लोणावळ्यापर्यंत जाऊन दोन्ही पाटील चिवडा खाऊन परतणार, असा बेत होता. गाडीचा दरवाजा कुठं येईल याचाही ओव्हरसियरनं हिशोब केला होता. एक दरवाजा या फाटकासमोर, एक त्या. सगळं कसं रेघ मारल्यासारखं.

गाडी आली. धूर नाही, फकफक नाही, नुसती सूं करत आली, आणि ड्रायव्हरला या हॉल्टची सवय नसल्यामुळे तीस पावलं पुढं जाऊन थांबली. झालं! फलाटावर दरवाजा आला तो एकच, आणि तोही बरोबर मधोमध.

दोन्ही पात्या दोन्ही बाजूंनी त्या दरवाज्याकडं धावल्या आणि समोरासमोर येऊन थबकल्या. भिमाजी पाटलांचा उजवा पाय उचललेला, हौशीराम पाटलांचा डावा.

"थोरली पाती आदी," आबा म्हणाले.

"फाटक आदी बांधलं ते आमचं," भाऊ म्हणाले. "आदी आमी."

मागून दोन्हीकडच्या माणसांनी रेटा दिला. हलग्या कडाडायला लागल्या. पहिल्या वर्गाच्या डब्यातून मोठ्या साहेबानं डोकं बाहेर काढून घड्याळ पाहिलं. गार्डानं हिरवं निशाण उलगडायला घेतलं. आणि या सगळ्या फेट्यांच्या वरून कादरला दरवाज्यात मुमताज दिसली. एका हातात बोचकं, दुसरा हात पोटावर. ती उतरायला पायरी शोधत होती आणि पायरीवर दोन पाटलांचे चार जोडे होते.

"आबा, भाऊ, जरा वाट..." कादर म्हणाला. कुणाला ऐकू जायला? त्यानं खांद्यानं रेटलं, तर कुणीतरी त्याला कोपरानं मागं ढकललं. "अब्बा!" मुमताज ओरडली. गर्दीचा लोट दरवाज्याला भिडला तशी ती पोट सांभाळत मागं सरली. गार्डाची शिट्टी ओठांवर गेली.

कादरच्या डोळ्यांपुढं ती बैलगाडी आली, त्या गोधड्या आल्या, भिंतीकडं तोंड केलेली लेक आली. गाडी आता सुटली की लेक कामशेतला उतरणार, आणि तिथून पुन्हा तेच दोन कोस. त्याच्या हातात सुरी होती. त्यानं ती वर धरली आणि आयुष्यात नव्हता काढला असा आवाज काढला.

"मागं सरा!"

हलग्या गप झाल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय ती, डोक्याला विचारायला थांबत नाही. अख्ख्या फलाटानं सात पावलं मागं घेतली. आबांनीही घेतली, भाऊंनीही घेतली, दोन्ही बोकडांना धरणाऱ्यांनी बोकडांसकट घेतली. ओव्हरसियर गावचा नव्हता, तरी त्यानंही घेतली. मोकळ्या झालेल्या जागेतून कादर पुढं गेला, सुरी कमरेला खोचली, दोन्ही हात वर केले आणि लेकीला अलगद खाली उतरवलं.

शिट्टी झाली. गाडी सूं करत निघून गेली. दोन्ही पाटील डाग पडलेली तिकिटं हातात घेऊन उभेच.

आठ दिवसांनी कंपनीचा कागद आला. पाथरोळी हॉल्ट, चढले शून्य, उतरले एक. हॉल्ट कायम.

तुम्हाला वाटेल, इथं गोष्ट संपली. अहो, पाथरोळी आहे ही! कागद वाचून झाल्यावर दोन्ही पात्यांच्या ध्यानात आलं, की हॉल्ट राहिला तो मुलाण्याच्या मुमताजमुळे. म्हणजे पहिल्या पावलाचा मान तिचा. तर मग मुमताज कुठल्या पातीची? हौशीराम पाटील म्हणाले, मुलाण्याच्या घराला लागून फाटक आमचं, सबब मुलगी आमची. भिमाजी पाटील म्हणाले, मुलाण्याला घराची जागा आमच्या आजोबांनी दिली, सबब मुलगी आमची. बरेच दिवस हे चाललं. मग एका सकाळी दोघांनाही एकदम सुचलं, की साडीचोळी देऊन टाकावी म्हणजे प्रश्न मिटला. ज्याची साडी आधी, त्याची मुलगी.

नेमकी त्याच सकाळी मुमताजच्या पोटात कळा सुरू झाल्या. कादर धावत जाऊन सुईणीला, नंदाबाईला सांगून आला आणि घराशी पोचतो तो काय, घराच्या त्या एकुलत्या एका दारात भिमाजी पाटील आणि हौशीराम पाटील खांद्याला खांदा लावून अडकलेले! दोघांच्या हातात साडी, साडीवर नारळ, मागं दोन्ही पात्यांची माणसं. आत कोणी जाईना, मागं कोणी हटेना.

"आबा, लेक अडलीया," कादर म्हणाला. "नंदाबाईला आत जाऊ द्या."

"जाऊ दे की," आबा म्हणाले. "भाऊ सरला की मी सरतो."

"मी कशापायी सरू? आबानं आदी सरावं."

नंदाबाई आली, तिनं दाराकडं एकदा पाहिलं आणि पाटलांचा उद्धार करत थेट हॉल्टाकडं वळली. धाकट्या पातीच्या फाटकाशी बाबूनं तिला अडवलं, फलाटावर यायला तिकीट लागेल म्हणून. नंदाबाईनं त्याला जे सांगितलं ते लिहिण्यासारखं नाही. बाबूचे दोन्ही हात आपोआप बाजूला झाले, सराव होताच. पाडलेल्या ओसरीच्या जागेवरून, गोणपाट वर करून, ती आत शिरली. ज्या फाटकासाठी एवढं रामायण झालं, त्याचा खरा उपयोग झाला तो पहिल्यांदा त्या सकाळी.

दारात पाटील तसेच. कादर त्यांच्या मागं उभा, आणि आतून लेकीचं कण्हणं त्याच्या काळजाला घरं पाडतंय. मग ते थांबलं. क्षणभर काहीच ऐकू येईना. दोन वर्षांपूर्वी असंच सगळं शांत झालं होतं.

आणि मग पोर रडलं. चांगलं खणखणीत, फलाटापर्यंत जाईल असं.

"झालं व्हय!" भिमाजी पाटील म्हणाले. "कादर, पोराला आदी थोरल्या पातीच्या..."

"का म्हनून? आदी आमच्या..."

कादरच्या कमरेला सुरी नव्हती. जत्रा नव्हती, बोकड नव्हता, आणि साताठ पिढ्यांची कुठली चालही त्याच्या पाठीशी नव्हती. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तो म्हणाला, ओरडला नाही, नुसता म्हणाला, "पाटील, मागं सरा. माझं दार हाय."

दोघांनी वळून त्याच्याकडं पाहिलं. पन्नास वर्षं "व्हय आबा, व्हय भाऊ" म्हणणारा माणूस तो. आणि काय झालं असेल ते असो, दोघंही सरले. साड्यांवरचे नारळ खाली पडले, ते उचलायलाही कुणी वाकलं नाही. कादर मधून आत गेला.

त्यांच्यात आधी कोण सरला, यावर पाथरोळीत आजही वाद आहे. थोरली पाती म्हणते भाऊ, धाकटी पाती म्हणते आबा. साक्षीदार म्हणून दोन्हीकडचे लोक कादरकडं यायचे, चहाला म्हणून बसायचे आणि हळूच तेवढं विचारायचे. कादर पुढ्यात कप ठेवायचा आणि दर वेळी एकच सांगायचा, "कुनाला ठावं बाबा. मी तिकडं बघितलंच न्हाई. मी नातीचं त्वांड बघाया आत गेलतो."